डावी करंडी

१

सांडोरच्या फेबियनचा दोन गोष्टींवर जीव होता, बायकोवर आणि मोटारसायकलवर. पहिला नंबर कोणाचा, यावरून घरात रोज खडाजंगी व्हायची. मोटारसायकल लढाईतली, लष्कराच्या लिलावात निघालेली, हिरव्या रंगाचे पोपडे उडालेली. क्लेमेंटीन तिला सवत म्हणायची. "जेवायला तुमी बसा, मी सवतीला तेल पाजून येते," असं ती म्हणाली की केळीच्या वाडीत काम करणारे गडीसुद्धा खो खो हसत.

फेबियन लढाईच्या काळात लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून आलेला. आता लोकल बोर्डात देवी टोचायच्या कामावर होता. वसईच्या पूर्वेचे डोंगरातले पाडे त्याच्या वाट्याला आले होते. जिथं बैलगाडी हात टेकते तिथं हा पठ्ठ्या ओहोळाच्या गोट्यांतून, खाचरांच्या बांधांवरून, कारवीच्या रानातून मोटारसायकल घालायचा. पडायचा, उठायचा, पुढं जायचा. स्वतः पडल्याचं त्याला काही वाटायचं नाही. वाटायचं ते लशीचं. बारीक काचेच्या नळ्या, एका नळीत एका मुलापुरता थेंब. आपटल्या तर चुरा, तापल्या तर टोचून न टोचून सारखंच.

१९५० सालचा मार्च होता, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस. कामणच्या पलीकडं आवळीपाड्यात देवी निघाल्या आणि चार दिवसांत दोन पोरं गेली. अजून सव्वीस पोरं टोचायची राहिली होती. फेबियन दोनदा निघाला आणि दोनदा हात हलवत परत आला. पहिल्यांदा त्यानं मागच्या कॅरिअरवर पत्र्याची ट्रंक बांधली. कामणला पोचेतो ट्रंकेवर पोळी भाजली असती. दुसऱ्यांदा लष्करातल्या खाकी कॅनव्हासच्या पिशव्या दोन्ही अंगांना लटकवल्या. त्या झोल खाऊन खडकावर घासल्या आणि आतल्या नळ्यांची रांगोळी झाली. शुक्रवारी दुपारी बोर्डाच्या कचेरीतून सत्तावीस नळ्या मिळाल्या, सव्वीस मुलांना सव्वीस आणि फुटली तर एक जास्त. या गेल्या तर पुढचे पंधरा दिवस लस येणार नव्हती, आणि पंधरा दिवसांत आवळीपाड्याचं काय होईल ते फेबियनला कोणी सांगायला नको होतं.

२

तोडगा काढला क्लेमेंटीननं. ती विड्याच्या पानांच्या घरातली.

"आमची पानं कुठल्या कुठं जातात," ती म्हणाली. "आठ-आठ दिवस हिरवीगार राहतात. कशात जातात? बांबूच्या करंडीत, केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटात. वारा लागतो, गारवा राहतो, आदळलं तर बांबू लवतो. तुमच्या नळ्या काय पानांपेक्षा नाजूक हायेत?"

फेबियन तिच्याकडं बघतच राहिला. पाच वर्षं लष्करात काढून जे सुचलं नाही ते हिनं भाकरी थापता थापता सांगितलं होतं. त्याला तिचा इतका अभिमान वाटला की त्यानं तिथल्या तिथं तिच्या पिठाळ हाताचा मुका घेतला.

बुरुडाकडून नवी जोडी विणून घ्यायला तीन दिवस लागले असते. पण माळ्यावर बाबांची कावडीची जोडी होती. बाबा म्हणजे सेबेस्टियन. अडुसष्ट वर्षांचे, काटक आणि कमी बोलणारे. उभी जवानी त्यांनी खांद्यावर कावड घेऊन सांडोरहून भिवंडीपर्यंत पानं वाहिली. कावड सुटून पंचवीस-तीस वर्षं झाली तरी करंड्या त्यांनी फेकल्या नव्हत्या. ते क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला चर्चमध्ये गेले होते. विचारायला कोण थांबतो? फेबियन शिडी लावून माळ्यावर चढला.

दोन्ही करंड्या सारख्या होत्या, फक्त एकीच्या काठाला तांब्याची तार गुंडाळून डागडुजी केलेली. तीस वर्षांच्या बुरुडकामावर धुळीचा कण नव्हता. फेबियनच्या ते लक्षात आलं, पण बाबा आहेत टापटिपीचे, असं म्हणून त्यानं सोडून दिलं.

त्यानं पानं जोखायच्या तराजूत दोन्ही करंड्या तोलून पाहिल्या. काटा मधोमध उभा राहिला. दोन्हींत पाच-पाच शेर गोटे मोजून घातले, पुन्हा तोलल्या. काटा मधोमध. मग तारेची डावीकडं, दुसरी उजवीकडं अशा मोटारसायकलला आवळल्या आणि गाडी स्टँडवरून काढली.

गाडी डावीकडं कलली. एवढी की दोन्ही हातांनी सावरावी लागली.

३

मेकॅनिक माणूस, त्यानं आधी चाकं पाहिली, मग स्प्रिंगा, मग पुढचा फोर्क. सगळं ठाकठीक होतं. त्यानं करंड्यांची अदलाबदल केली. आता गाडी उजवीकडं कलली.

"म्हंजे तारेची करंडी जड," क्लेमेंटीन म्हणाली.

"तराजू काय म्हनतो ते तू बघितलंस ना?"

"तराजूनं कदी कावड वाहिलीय?"

फेबियन हसला, पण पुरतं नाही. त्यानं तारेची करंडी पुन्हा डावीकडं बांधली आणि खाडीकडच्या बांधावर एक चक्कर मारायला निघाला. शंभर पावलं गेला असेल नसेल, गाडीनं त्याला डावीकडं ओढलं आणि तो बांधावरून खाली मऊ चिखलात जाऊन पडला. लागलं काही नाही. गाडी मात्र त्याच्या पायावर, आणि डावी करंडी त्याच्या गुडघ्याला टेकलेली.

इंजिन बंद पडलं होतं. चाकं थांबली होती. तरी करंडी करकरत होती. बांबूच्या पाळण्यात मूल कूस बदलतं तेव्हा जसा आवाज येतो तसा तो आवाज होता. दोनदा आला, मग थांबला.

बांबू आहे, ओला झाला, फुगतोय, त्यानं मनाशी म्हटलं. चांगलं कारण होतं. फक्त चिखल लागून अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

क्लेमेंटीन लुगडं खोचून धावत आली. नवऱ्याला चार शिव्या घातल्या, डोळे पुसले, मग गाडी उचलायला हात दिला. गोटे बाहेर सांडले होते, करंड्या रिकाम्या होत्या. तिनं डाव्या करंडीचा काठ धरला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

"काय ग?"

"काय नाय," ती म्हणाली. तिनं करंडी दोन्ही हातांनी धरली, हलकेच, कोणाला जाग येऊ नये तशी. घरी जाईपर्यंत ती एकदाही थट्टा करून बोलली नाही. फेबियनला पडल्यापेक्षा त्याचीच भीती जास्त वाटली.

४

सेबेस्टियन चर्चमधून आले तेव्हा मोटारसायकल ओट्याशी उभी होती आणि तिच्या दोन्ही अंगांना करंड्या. म्हातारा अंगणातच थांबला. ओरडला नाही, चिडला नाही. डाव्या करंडीपाशी जाऊन काठावरून हात फिरवला.

"कोनी काढल्या?"

"मी, बाबा. उद्याला आवळीपाड्याला न्यायच्यात. नव्या करायला वेळ नाय." फेबियननं सगळं सांगितलं: ट्रंक, पिशव्या, सव्वीस पोरं. गाडी डावीकडं ओढते तेही सांगितलं आणि वर म्हणाला, "हिच्यात काय दोष हाय का? तुमी वाहिलीय, तुमाला म्हाईत."

म्हातारा ओट्यावर बसला. क्लेमेंटीननं पाण्याचा तांब्या दिला, तो तसाच मांडीवर धरून बोलला.

फेबियनला जुळा भाऊ होता, फ्रेडरिक, तो तान्हेपणी देवीत गेला, एवढं फेबियनला ठाऊक होतं. आईनं त्यापुढं कधी बोलू दिलं नाही आणि आई गेल्यावर विचारायचं राहून गेलं. आता बाबांनी सांगितलं. त्या साली, एकतीस वर्षांमागं, इकडं लस पोचली नव्हती. टोचणारा भिवंडीला आलाय असं कळलं. आई तापानं पडलेली. मग बाबांनी पानांच्या कावडीत दोन्ही पोरं घातली, एक इकडं, एक तिकडं, आणि पहाटे निघाले.

"कामनच्या वरचा ओहोळ हाय ना, तिथं बगितलं," म्हातारा म्हणाला. "डाव्या करंडीतला गार पडला होता. मी खाली बसलो. काय करू? त्याला तिथं ठेवू? मातीत घालू? आनि एका अंगाला पोर घेऊन कावड चालत नाय रे. एका अंगाला भार असला तर दुसऱ्या अंगाला तेवढ्याच वजनाचा धडा लागतो. दगड घालायचा माझा हात होईना. त्याच्या जाग्यावर दगड कसा घालू?" त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मंग तसाच उठलो. तो होता म्हनून कावड चालली. तो होता म्हनून तू भिवंडीला पोचलास, तुला टोचलं. परत पन दोघांना तसंच आनलं. चर्चच्या आवारात मी त्याला ठेवला, माझ्या हातानं."

फेबियनचा हात नकळत स्वतःच्या दंडावरच्या वणाकडं गेला. देवी टोचायची नोकरी आपण का धरली, हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"उद्याला डाव्या करंडीत काय घालू नको," बाबा म्हणाले. "सगळं उजवीत घाल."

"बाबा, एका अंगाला सगळं घातलं तर गाडी दहा पावलं जायची नाय."

"जाईल," म्हातारा म्हणाला आणि आत गेला.

५

शनिवारी उजाडता उजाडता क्लेमेंटीननं सत्तावीस नळ्यांचा डबा सोपटात गुंडाळून उजव्या करंडीत बसवला. वर ओलं फडकं, बाजूला पाण्याचं मडकं. डावी रिकामी. फेबियननं मनात हिशेब मांडला होता की गाडी उजवीकडं आडवी होणार, मग दोन्हीकडं भार वाटून घ्यायचा आणि देवाचं नाव घेऊन निघायचं. म्हाताऱ्याचं मन राखायला फक्त एकदा करून बघायचं.

गाडी ओळंब्यात, अगदी सरळ उभी राहिली. त्यानं हँडल सोडलं. तरी उभीच.

"सांबाळून जा," क्लेमेंटीन म्हणाली. तिनं आधी त्याच्या कपाळावर क्रूस काढला, आणि मग, त्याच्याकडं न बघता, डाव्या करंडीच्या काठावरही काढला.

स्टेशनच्या पुलापलीकडं रस्ता संपला आणि धुळीची वाट लागली. फेबियननं आयुष्यात इतकी सरळ गाडी चालवली नव्हती. खड्डा आला, गोटा आला, गाडी डगमगायची नाही. भारानंच गाडीला धरून ठेवलंय असं वाटावं. कामणला तो झाडाखाली थांबला आणि मडक्यातलं पाणी प्यायला, थोडंथोडकं नाही, निम्मं मडकं. मग त्याच्या मनात आलं की उजवी बाजू आता दोन शेर तरी हलकी झाली. गाडी डावीकडं जायला हवी. त्यानं ती स्टँडवरून काढली.

तशीच ओळंब्यात उभी.

कपाळावरचा घाम गार पडला. जड असणं वेगळं. जड वस्तू जडच राहते. इथं डावीकडचा भार त्याच्याकडं बघून कमीजास्त होत होता. कोणीतरी ध्यान ठेवून होतं. पळून जावं असं त्याला वाटलं, पण पळायचं कुठं आणि कशावर? तीच तर गाडी होती. आणि पलीकडं सव्वीस पोरं.

ओहोळाशी चढ लागला. गुळगुळीत गोटे, मध्ये पाण्याची एक धार, दोन्ही बाजूंना कारवी. मागच्या वेळी इथंच पिशव्या फाटल्या होत्या. फेबियन पहिल्या गिअरवर आला आणि चढू लागला. अर्ध्यात डावी करंडी करकरली. त्याच क्षणी त्याच्या डाव्या गुडघ्याशी विजारीची घडी ओढली गेली. काट्यानं ओढावी तशी नाही. तान्हं मूल मूठ वळतं आणि हातात आलेलं कापड सोडत नाही, तशी.

त्यानं खाली पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पडला असता, एवढं त्याला कळत होतं. दातावर दात ठेवून तो चढत राहिला, आणि चढाच्या माथ्याला आल्यावर स्वतःचाच आवाज त्याच्या कानी पडला.

"धरून बस," तो म्हणत होता. "आलंच आता. धरून बस."

६

आवळीपाड्यावर कारभाऱ्यानं सगळी पोरं मोठ्या चिंचेखाली गोळा करून ठेवली होती. फेबियननं मोटारसायकल बुंध्याला टेकवली, डबा काढला. नळ्या गार होत्या. एकही फुटली नव्हती. त्याला नाचावंसं वाटलं.

तो कामाला बसला. नळीची टोकं मोडायची, थेंब दंडावर उतरवायचा, सुईनं ओरखडे काढायचे, पुढचा. टोचणाऱ्यांची एक सवय असते: ते पोरांच्या तोंडाकडं बघत नाहीत. तोंड बघितलं की रडणं दिसतं आणि हात कचरतो. फेबियन फक्त दंड बघायचा. डावा दंड धरायचा, सोडायचा. मागं बायका पोरांना धरून बसलेल्या, एकाचं रडणं ऐकून दुसरं रडायचं, कोंबड्या ओरडायच्या, कारभारी सगळ्यांना गप्प करता करता सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचा. तासाभरात काम आटोपलं.

"सव्वीस," कारभारी म्हणाला. त्यानं प्रत्येक पोरामागं एक चिंचोका बाजूला टाकला होता. फेबियननंही मोजले. सव्वीस.

मग त्यानं जास्तीची नळी परत ठेवायला डब्यात हात घातला. डबा रिकामा होता. रिकाम्या नळ्यांच्या वाटीत सत्तावीस नळ्या होत्या आणि साऱ्यांची टोकं मोडलेली.

एखाद्या पोराला दोनदा थेंब दिला असेल. त्यानं सगळी पोरं पुन्हा रांगेनं बसवली, सगळे दंड पाहिले. एकेकच खूण. हातून एक नळी सांडली असेल. पण त्याच्या हातून नळी सांडत नसे.

आणि मग त्याला आठवलं. मधेच कधीतरी एक दंड आला होता, त्याच्या अंगठ्याएवढा जेमतेम. या पाड्यावरचं सगळ्यात लहान पोर चालायला लागलेलं होतं. हा दंड तान्ह्याचा होता, आणि गार, सोपटात ठेवलेल्या पानासारखा गार. त्याला धरून बसलेली बाई नव्हती. दंड चिंचेच्या बुंध्याकडून पुढं आला होता, मोटारसायकल टेकवली होती त्या बाजूनं. फेबियननं तो दोन बोटांत धरला होता, थेंब उतरवला होता, ओरखडे काढले होते, आणि "झालं हां बाळा" म्हणाला होता. कोणी रडलं नव्हतं. तेवढ्या एका वेळी कोणी रडलं नव्हतं.

तो उठून मोटारसायकलपाशी गेला. डावी करंडी रिकामी होती. त्यानं एक बोट काठाखाली घालून ती उचलली. बांबूचं जेवढं वजन असतं तेवढंच होतं. त्याची अंगठ्याशेजारची दोन बोटं मात्र गार होती आणि भर दुपारच्या उन्हातही ऊब धरत नव्हती.

फेबियन तिथंच बसला आणि रडला. कारभाऱ्याला वाटलं, सायबाला पाडा वाचल्याचा आनंद झाला. तोही खोटा नव्हता.

७

परतताना गाडी साधी गाडी झाली होती. खड्ड्यात डुलायची, गोट्यावर उडायची, ओहोळात तर त्यानं दोनदा लोळण घेतली. त्याला तेही बरं वाटलं. एकतीस वर्षांनी त्या पोराला लस मिळाली, आणि ती देणारा हात आपला होता, असं तो मनाशी घोळवत आला. हे बाबांना कसं सांगायचं याची वाक्यं तो जुळवत होता.

तीनच्या सुमाराला तो अंगणात शिरला. क्लेमेंटीन पाणी घेऊन धावली. "पोचल्या? सगळ्या?" तिनं विचारलं, त्यानं मान हलवली, आणि तिनं सासऱ्यासमोर नवऱ्याच्या गळ्यात हात टाकले. असं तिनं कधी केलं नव्हतं.

सेबेस्टियन ओट्यावरून उतरले. ते मुलाकडं आले नाहीत. गाडीच्या डाव्या अंगाला गेले, वाकले, पाय रोवले, दोन्ही हातांनी करंडीला खालून आधार दिला आणि उचलली. भरलेली घागर समजून रिकामी उचलावी तसे त्यांचे हात झटक्यात छातीपर्यंत वर आले. ते तसेच उभे राहिले.

"बाबा," फेबियन घाईनं म्हणाला, "त्याला टोचलं मी. माझ्या हातानं टोचलं. सव्वीस पोरं होती, सत्तावीस नळ्या लागल्या. त्याला पन मिळाली लस."

म्हाताऱ्याच्या सुरकुत्या हलल्या. "रडला का रे?"

"नाय, बाबा. जरा पन नाय रडला."

"नायच रडायचा तो. भिवंडीपर्यंत पन रडला नव्हता." म्हाताऱ्यानं करंडी पोटाशी धरली, आत पाहिलं, मग मुलाकडं पाहिलं. रागानं नव्हे. आजवर त्यानं फेबियनकडं रागानं कधीच पाहिलं नव्हतं. "मी त्याला मेलेला असून टाकला नाय. जाताना नाय, येताना नाय. आनि तू त्याला तिथंच ठेवून आलास?"

क्लेमेंटीनच्या हातातला तांब्या तसाच राहिला. फेबियननं बाबांच्या हातातून करंडी घेतली, डावीकडं होती तिथं पुन्हा आवळली, आणि उन्हं उतरायला अजून अवकाश होता तोवर गाडीचं तोंड पूर्वेकडं वळवलं.